नगरच्या मळलेल्या वाटा

चांदबीबीच्या महालात चांदबीबी नाही. नगरहून पाथर्डी रस्त्याला लागलं की तेरा-एक किलोमीटरवर, शाह डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते, ती निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. नाव मात्र चांदबीबीचं चिकटलं ते चिकटलंच. रविवारी पहाटे या डोंगरावर चालणारे, धावणारे, सायकलवाले असे सगळे भेटतात आणि बहुतेक सगळे एकाच रस्त्याने वर जातात, तो म्हणजे डांबरी. वर पोचायचं, वारा खायचा, फोटो काढायचा आणि त्याच डांबरावरून खाली यायचं. डोंगर चढून होतो, पण पायाला डोंगर लागत नाही.

गेल्या काही वर्षांत रानवाटांवर धावण्याचा छंद महाराष्ट्रात चांगलाच रुजला. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी ‘एसआरटी अल्ट्रा’ ही शर्यत धावणाऱ्यांना परिचयाची झाली, पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे गर्दी होऊ लागली. नगरचा धावपटू मात्र अजूनही समजतो की ट्रेल हवी तर सह्याद्री गाठायला हवा. खरं पाहिलं तर शहरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, जवळजवळ तिन्ही बाजूंना, धावण्याजोग्या वाटा पडलेल्या आहेत. अडचण वाटांची नाही. त्या कशा शोधायच्या हे कुणी शिकवत नाही, ही अडचण आहे.

आधी ट्रेल कशाला म्हणायचं ते पाहू. आंतरराष्ट्रीय पातळीवर जी व्याख्या रूढ आहे तिचा गाभा साधा आहे. वाट निसर्गातून जाणारी असावी, आणि डांबर-सिमेंटचा भाग एकूण अंतराच्या पाचव्या किंवा फार तर चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा. डोंगर असलाच पाहिजे असं नाही. अंतर मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर म्हणजे दहा किलोमीटर, पण रानवाटेवर एकूण चढ धरावा लागतो. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर वाढवायचा, असा आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेचा हिशेब आहे. म्हणजे १० किलोमीटरच्या वाटेवर सगळे चढ मिळून ४०० मीटर भरत असतील तर शरीराच्या दृष्टीने ती १४ किलोमीटरची वाट. रस्त्यावर तासात दहा किलोमीटर धावणाऱ्याने रानात तोच वेग धरला, तर त्याचा अर्ध्यात दम निघतो तो याच कारणाने.

नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. चांदबीबी महालाचा माथा ९०० मीटरच्या वर. म्हणजे शहराच्या दारातच अडीचशे मीटरहून जास्त चढ उपलब्ध आहे. हे डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेले. भाकरीची चवड रचावी तसे ते थर कडेने स्पष्ट दिसतात. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उताराचा होतो आणि माथा बहुधा सपाटच असतो. धावणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर नगरचा डोंगर म्हणजे एक छोटा, छातीवर येणारा चढ आणि मग वरचं लांबलचक पठार. सह्याद्रीसारखी तासन्‌तास चढण इथे नाही, त्यामुळे नवख्याला हा मुलूख जास्त सोयीचा.

शहराच्या आसपास पाण्याची वाटणीही होते. सीना नगरजवळ उगम पावून दक्षिणेला भीमेकडे जाते. उत्तरेला वांबोरी घाट उतरला की पाणी मुळा-प्रवरेच्या बाजूने गोदावरीला. या जलविभाजकाच्या कडेकडेने डोंगरगण, मांजरसुंबा, गोरक्षनाथ गड, आगडगाव, मग पूर्वेला करंजीचा घाट अशी ठिकाणं आहेत. नगरी माणूस या रांगेला गर्भगिरी म्हणतो. नवनाथांच्या कथांशी ती जोडलेली आहे. शहराजवळच्या उत्तम वाटा बहुतांश या कडेवरच सापडतात, कारण एका हाताला पठार आणि दुसऱ्या हाताला उतार असला की वाट चुकायची भीती कमी होते.

आता शोधायचं कसं? इथे नवखा धावपटू एक गोष्ट हमखास करतो. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडतो, पांढरी रेघ शोधतो आणि निघतो. रेघ खरीच असते, पण ती कशाची आहे हे चित्र सांगत नाही. ओढ्याची कोरडी घळ, जेसीबीने मुरूम उपसलेली खाण, कुणाच्या तरी शेताचा बांध आणि खरीखुरी पायवाट, वरून सगळं सारखंच दिसतं. म्हणून रेघ सापडल्यावर पहिला प्रश्न असा विचारायला हवा: ही वाट रोज वापरतं कोण? रानातली वाट वापरामुळेच टिकते. वापर थांबला की एका पावसाळ्यात तिच्यावर घाणेरी आणि गवत चढतं, तिसऱ्या वर्षी ती दिसत नाही. धावणाऱ्यांची संख्या वाट जिवंत ठेवण्याइतकी नाही. त्यामुळे ज्या वाटेला दुसरा कुणी धनी आहे, तीच धावण्यासाठी भरवशाची.

नगरच्या मुलखात असे धनी बरेच आहेत. पहिला देव. गोरक्षनाथ गड, वृद्धेश्वर, मढीचे कानिफनाथ, मायंबा ही नाथपंथाची ठिकाणं गर्भगिरीत पसरलेली आहेत आणि गाड्या येण्याआधी भाविक एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे पायीच जात. आता देवळापर्यंत डांबर पोचलं, तरी आसपासच्या वाड्यांवरचा माणूस जवळच्या वाटेनेच जातो. जत्रेच्या आधी या वाटा साफही होतात. मढीच्या यात्रेत तर गाढवांचा बाजार भरतो, तेव्हा त्या मुलखात पायवाटांची वाण कधी नव्हती हे उघड आहे. शहराच्या सगळ्यात जवळचं उदाहरण आगडगावचं. तिथे काळभैरवनाथाला दर रविवारी आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. पंधरा किलोमीटर धावल्यावर ऊर्जा भरून काढायला यापेक्षा चांगली सोय कोणत्याही शर्यतीच्या आयोजकाने केलेली नसेल.

दुसरा धनी नव्या काळाचा, पवनचक्की. आगडगावपासून जवळच, खांडके परिसरात टाटा पॉवरचा ५०.४ मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प आहे. पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कवड्या डोंगरावरही चक्क्यांच्या रांगा दिसतात. पवनचक्कीचं पातं आणि ते उभं करणारी क्रेन, दोन्ही अवजड. त्यांना खडा चढ आणि अरुंद वळण चालत नाही. म्हणून एका मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जे मुरमाचे रस्ते काढले गेले ते रुंद आहेत, त्यांचा चढ बेताचा आहे आणि ते पठाराच्या कडेकडेने जातात, कारण वारा तिथेच जास्त. लांब पल्ल्याच्या सरावाला हे रस्ते फार चांगले. सावली मात्र शून्य, आणि समोरचा वारा इतका की सपाटीवरही चढ चढल्यासारखा दम लागतो. हे रस्ते देखभालीसाठी आहेत, सार्वजनिक नव्हेत. पहारेकरी दिसला तर थांबून विचारावं. वाद घालून पुढे गेलं की पुढच्या वेळी फाटक लागलेलं असतं.

तिसरा धनी शेतकरी. गावच्या नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता, आणि दोन्ही बाजूंच्या शेतांच्या मधून, बांधांच्या आडोशाने जाणारी ती पाणंद. या वाटा कागदावर सर्वांच्या आहेत. जागेवर अनेक ठिकाणी त्या नांगरल्या गेल्या, कुठे विहिरीचा मलबा पडला, कुठे तारेचं कुंपण आलं. अडवलेला रस्ता खुला करून घेण्यासाठी आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागितली जाते, आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची योजनाही आणली. धावपटूने या भांडणात पडू नये. पण महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा पाहून ठेवला, तर समोरची वाट सरकारी आहे की कुणाच्या सातबाऱ्यातली, याचा अंदाज आधीच येतो. खळ्यावर बसलेल्या माणसाला ‘ही शिवंची वाट पुढं निघती का?’ असं विचारणारा पाहुणा आणि न विचारता कांद्याच्या वाफ्यातून पळत सुटलेला पाहुणा, या दोघांना मिळणारं उत्तर वेगळं असतं.

गावनकाशावर चढउतार नसतात. ते पाहायला सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा घ्यावा. एक सेंटिमीटरला ५०० मीटर हे त्याचं प्रमाण, आणि दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा. रेषा दाटीवाटीने आल्या तिथे कडा, पसरल्या तिथे पठार. तांबड्या तुटक रेषांनी पायवाटा आणि गाडीवाटा दाखवलेल्या असतात. नगरची गंमत अशी की जुन्या क्रमांकाच्या ४७ आय/१२ आणि ४७ आय/१६ या दोन पानांच्या सांध्यावर नेमकं शहर येतं. शहर आणि पश्चिम एका पानावर, पूर्वेचे सगळे डोंगर दुसऱ्यावर. एकच पान घेऊन वाट आखायला बसलं की अर्धी वाट हवेत राहते. खुल्या मालिकेतले हे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

मग ॲप कशाला? ती उपयोगाची आहेतच. मात्र दोन बाबतींत त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. एक, चढाचा आकडा. बऱ्याच नकाशांमागे अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेली मोजणी आहे. तिच्यात जमिनीचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. त्या चौकोनात दहा मीटरचा उभा कातळ असेल तर तो गुळगुळीत होऊन उतार बनतो. नगरच्या थराथरांच्या डोंगरात हे वारंवार घडतं. पडद्यावर धावण्याजोगा दिसणारा उतार प्रत्यक्षात दोन्ही हात टेकून उतरायचा निघतो.

दुसरी बाब जास्त गंभीर. धावणाऱ्यांच्या घड्याळांतून जमा झालेल्या नोंदींचा एक जागतिक नकाशा स्ट्राव्हा या कंपनीने २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. जिथे जास्त लोक धावतात तिथे रेघ जास्त उजळ. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटातली काही उजळ वर्तुळं म्हणजे लष्करी तळांच्या आतले व्यायामाचे मार्ग आहेत. नगरच्या धावपटूला या गोष्टीतून नेमका बोध घ्यावा लागतो, कारण नगर हे लष्कराचं गाव आहे. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे. उजळ रेघ म्हणजे खुली वाट, असं इथे समजून चालत नाही.

आणि केके रेंज. खारे कर्जुने या गावाच्या नावावरून ओळखलं जाणारं हे लष्कराचं सराव क्षेत्र नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांच्या गावांना लागून पसरलेलं आहे. रणगाडे आणि तोफांचा प्रत्यक्ष गोळीबार तिथे चालतो. उपग्रहाच्या चित्रात हा भाग धावणाऱ्याला भुरळ पाडेल असा दिसतो: वस्ती नाही, शेत नाही, माळावर गाड्यांच्या चाकोऱ्या चहूकडे गेलेल्या. त्या चाकोऱ्या रणगाड्यांच्या आहेत. गोळीबार नसलेल्या दिवशीही तिथे जायचं नसतं, कारण न फुटलेला गोळा रानात पडून राहू शकतो. उत्तर-पश्चिमेला वाट आखताना या क्षेत्राची हद्द नकाशावर आधी काढून घ्यावी आणि मग उरलेल्या जागेत काय बसतं ते पाहावं.

वाट ठरली तरी ती बारा महिने चालते असं नाही. नगरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, म्हणजे चिखलाचे दिवस मोजकेच. पण त्या दिवसांत पायाखालची माती काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. खोलगट भागातली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि चिकटते. शंभर पावलांत एकेका बुटाला पाव-अर्धा किलोचा गोळा लागतो, धावणं सोडाच, चालणंही हास्यास्पद होतं. उलट माळावरचा मुरूम पाणी लगेच सोडतो. पाऊस थांबल्यावर काही तासांत तो धावायला तयार असतो. म्हणून जुलै ते सप्टेंबर पाणंदी सोडाव्या आणि पठारं धरावी. दिवाळीनंतर उलटा हिशेब. तेव्हा माळावर कुसळं पिकतात. कुसळी गवताचं टोकदार बी मोज्यात शिरलं की प्रत्येक पावलाला आत आत रुततं. अंगच्या पिळामुळे ओल लागली की ते फिरतं आणि मातीत स्वतःला पेरतं. मोजा त्याला मातीच वाटतो. त्या दिवसांत रुंद गाडीवाटा आणि वनखात्याने वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या जाळरेषा बऱ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा साडेआठच्या आत घरी. उन्हाचा त्रास परतीच्या वाटेवर होतो, जाताना नाही. पाण्याचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

हिवरे बाजारचा विषय वेगळा काढायला हवा. शहरापासून सतरा-एक किलोमीटरवरचं हे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा इथले डोंगर बोडके होते. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि डोंगरउतारावर खोदलेले समतल चर यांनी तिथे आज झाडी उभी आहे. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. धावपटूच्या नजरेने पाहिलं तर समतल चर ही मोठी मोहाची गोष्ट. चर एकाच उंचीवरून डोंगराला वळसा घालतात, त्यांच्या कडेने चढ नाही की उतार नाही. पण चराच्या खालच्या अंगाला जो मातीचा भराव असतो, त्यावरच पाणी अडवण्याचा भार असतो. बुटांनी तो ढासळला तर पावसात तिथून पाणी फुटतं आणि खालचे चरही घेऊन जातं. त्यामुळे भरावावरून धावायचं नाही, आणि ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय डोंगरावर जायचं नाही. जिथे गावाने स्वतःच्या शेळ्यांना मज्जाव केला, तिथे पाहुण्याने परवानगी मागण्यात कमीपणा तो कसला?

जनावरांची भीती शहरी माणसाला बिबट्याची असते. ती अगदीच निराधार नाही. राहुरी, संगमनेर, अकोले भागात उसाच्या फडात बिबटे आहेत, म्हणून कालव्याच्या कडेचे सपाट रस्ते कितीही मोहक वाटले तरी ऊस दोन्ही बाजूंना असेल तर अंधारात तिथे जाऊ नये. मात्र रोजचा सामना होतो तो धनगरांच्या कुत्र्यांशी. मेंढरांच्या वाड्याकडे वेगाने येणारी वस्तू त्यांच्या लेखी लांडगाच, आणि या माळावर लांडगे अजून आहेत. अशा वेळी लांबूनच धावणं थांबवावं, चालत यावं आणि मोठ्याने ‘राम राम’ घालावा. मालकाने एक हाक मारली की कुत्री बसतात. वाटांची सगळ्यात ताजी माहितीही त्याच माणसाकडे असते. कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठे कुंपण पडलं, हे त्याला कालचं ठाऊक असतं.

अकोले तालुक्याचं काय, असं कुणी विचारेल. १६४६ मीटरचं कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड हे सगळं याच जिल्ह्यात, हे खरं. पण नगर शहरातून तिथे पोचेपर्यंत सकाळ संपते. नाशिककराला ते जास्त जवळ. शिवाय ते अभयारण्य आहे. तिथले नियम, प्रवेशाच्या वेळा आणि पावसाळी रविवारची गर्दी या सगळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. तो वर्षातून एक-दोनदा करायचा बेत आहे. आठवड्याच्या सरावाला दारातलीच वाट लागते.

तिचा एक नमुना वांबोरीकडचा. दौंड–मनमाड लोहमार्गावर वांबोरीला स्थानक आहे, नगरहून तिथे रस्त्यानेही जाता येतं. तिथून नगरच्या दिशेने निघालं की घाटाचा चढ सुरुवातीलाच, पाय ताजे असताना आणि ऊन चढायच्या आधी पदरात पडतो. वर मांजरसुंबा गड, निजामशाहीतल्या इमारतींचे अवशेष आणि पाण्याची टाकी. मग इंग्रजांनी ‘हॅपी व्हॅली’ म्हटलेली डोंगरगणची दरी आणि तिथलं रामेश्वराचं देवस्थान. पुढे पठाराच्या कडेने, पिंपळगाव माळवीच्या तलावाच्या बाजूने शहराकडे उतरता येतं. घाटातला डांबरी रस्ता कुठे सोडायचा हे नकाशावर ठरवण्यापेक्षा पहिल्या खेपेला चालत, दिवसाउजेडी, गुराख्यांना विचारत ठरवावं. दर तीन-चार किलोमीटरवर कोणतं गाव, कुठे एसटीचा थांबा आणि कुठे मोबाइलला रेंज नाही याची नोंद करून ठेवावी, कारण घोटा मुरगळला तर लागते ती हीच नोंद. दुसऱ्या खेपेला अर्धं चालत, अर्धं धावत. मग घड्याळ लावावं, आणि घरी दुपारच्या जेवणाची वेळ तासभर पुढे सांगून निघावं.